तारेच्या दुसऱ्या टोकाला

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा सण

आले एकदाची समुद्राकाठी. आमच्या डोंगरावरून बसला खाली यायला तास लागतो, मला चौऱ्याहत्तर वर्षं लागली.

मी फुमा. लिहिता-वाचता येत नाही. शाळेच्या वयात माझ्या हाती बकऱ्या दिल्या, आणि बकऱ्यांना काही वाचून दाखवावं लागत नाही. म्हणून ही रोजनिशी मी बोलते आणि नातसून लिहिते. नेरीनाला सातवा लागलाय. मागचं बाळ पोटातच गेलं, त्यामुळे या वेळी डॉक्टरने बजावलंय, की बाळंत होईपर्यंत पलंग सोडायचा नाही. मी त्यासाठीच आलेय. हिला पलंगावर ठेवायचं, खायला घालायचं, आणि फेब्रुवारीत एक बोंबलणारं पोर हातात घ्यायचं. एवढंच काम. समुद्र मला बघायचा नाही, त्याने मला बघितलं तरी चालेल.

पडून पडून कंटाळली म्हणून वही हिनेच काढली. पोर मोठं झालं की वाचेल म्हणे, पणजी कशी होती. मी म्हटलं ठीक, पण माझी एक अट. मी बोलेन ते सगळं लिहायचं, जसंच्या तसं. सुधारायचं नाही, गाळायचं नाही. मी शिंकले तर शिंक लिही. तुझ्याशी बोलले तर तेही लिही. म्हणजे आता हे, की नेरीना दिसायला गोड आहे पण तिची मक्याची पोलेंता भिंत लिंपायला बरी. लिहिलं तिने, ओठ चावत.

घर धक्क्यावरच आहे. पलंग स्वयंपाकघरात चुलीजवळ आणलाय, खिडकीतून बांधलेली होडी दिसते. माझा नातू लिव्हिओ या होडीवर शिंपले धरतो, ते मोठे, पंख्यासारखे, ज्यांना इथे कापासांता म्हणतात. आज नवी वाइन उघडली, चेस्टनट भाजले. लिव्हिओने विचारलं, की नोना, बकऱ्या कुणाला दिल्यास? मी म्हटलं, दिल्या शेजारणीला, शाराची दोरी तेवढी आणलीय, ट्रंकेला बांधून. शारा माझी शेवटची लाडकी. दोरी आहे, शारा नाही. तो म्हणाला, नोना, तू रडायला लागलीस की काय. मी म्हटलं, वाइन आंबट आहे.

१३ नोव्हेंबर

मला नोकरी लागली. हस बाई, हस, पण लिही.

लिव्हिओच्या होडीवर दोन माणसं लागतात. एक सुकाणू आणि रहाट सांभाळायला, दुसरा शिंपले निवडायला. दुसरा नाही. बार्बा झानेतो होता, माझ्या रोमानोच्या, लिव्हिओच्या बापाच्या वेळेपासूनचा, तो गेल्या हिवाळ्यात सोडून गेला. तेव्हापासून गावातला एकही पुरुष लिव्हिओच्या होडीवर पाय ठेवत नाही. का, ते कोणी सांगत नाही. काल लिव्हिओ माझ्यामागे लागला. नोना, नुसतं खोक्यावर बसायचं, तू मसूर निवडतेस तसं निवडायचं. सकाळी शेजारची लोरेता नेरीनापाशी बसेल. मग काय, गेले.

होडी माझ्या गोठ्यापेक्षा लहान. मागे लोखंडी दाताळं असतं, दाराएवढं रुंद. खालच्या बाजूला बोटाएवढे दात, मागे लोखंडी कड्यांची झोळी. ते तारेने खाली सोडायचं, पाणी जेवढं खोल त्याच्या तिप्पट तार द्यायची, आणि होडी हळूहळू पुढे न्यायची. खाली दात वाळू विंचरतात, वाळूत पडलेले शिंपले उठून झोळीत जातात. मग रहाटाने ओढून घ्यायचं, झोळीचं पोट सोडायचं, की फळीवर सगळा पसारा. दगड, शेवाळ, तारामासे, कुणाचा तरी बूट, आणि त्यात चार शिंपले. माझ्या हातात लोखंडी कडी दिलीय. कडीतून आरपार गेला तो लहान, परत पाण्यात. अडकला तो आपला. खोक्यात ठेवायचा तो खोलगट बाजू खाली करून, म्हणजे आतलं पाणी सांडत नाही आणि बाजाराला जिवंत पोचतो. लिव्हिओने स्वतःचं दाताळं गमावलंय, हे उसनं आहे, वाकडं. दुपारपर्यंत अर्धं खोकं भरलं.

तार मात्र मला आवडली. तार चालू असताना तिच्यावर तळवा ठेवला की तळ कळतो. वाळूवर मांजर गुरगुरल्यासारखी, दगडांवर टकटक, चिखलात मुकी. एकदम ताठली तर ओरडायचं, कारण दाताळं अडकलं, आणि ब्रेक सोडला नाही तर होडी मागून पाण्यात बसते. लिव्हिओ हे बराच वेळ समजावत बसला. मला हात ठेवताच कळलं. साठ वर्षं मी दोरीचं एक टोक धरलंय. दुसऱ्या टोकाला काय आहे ते हात सांगतो. आपणहून येणारी बकरी वेगळी, हट्टाला पेटलेली वेगळी, आणि निर्जीव ओझं वेगळं. हे ओझं होतं.

माझी बोलवायची खूण होती. दोन छोटे हिसके, आणि दुसऱ्या तळव्यावर मीठ. शारा लगेच मान वळवायची.

१८ नोव्हेंबर

बर्फाच्या कारखान्यापाशी बाकावर बार्बा झानेतो बसलेला दिसला. त्याच्या शेजारी धपकन बसले आणि सरळ विचारलं, की माझ्या नातवाला खरूज झालीय का? तो म्हणाला, नातवाला काही झालेलं नाही, नातवाच्या जिभेला झालंय.

मग सांगितलं. गेल्या फेब्रुवारीत भूशिरापाशी लिव्हिओचं दाताळं तळाशी अडकलं. होडी मागून टेकली, पाणी आत यायला लागलं, झानेतोने कुऱ्हाडीने तार तोडली. इथली रीत अशी, की लोखंड खाली राहिलं तर मालकाने पावाचा तुकडा पाण्यात टाकायचा, मोठ्याने म्हणायचं, तुझं झालं, आणि पाठ फिरवायची. कुणाचं झालं, ते कुणी विचारत नाही. पण ते दाताळं रोमानोने, माझ्या मुलाने, स्वतः भट्टीवर घडवलेलं. लिव्हिओला सोडवेना. पाव टाकला नाही. पाण्याकडे बघून ओरडला, की माझं आहे, मी परत येतो, तोवर धरून ठेव.

झानेतो म्हणाला, फुमा, तिथे कुणाला असं कामाला लावतात का?

मी म्हटलं, तुझ्या टोपीखाली केस कमी आणि भुतं जास्त झालीत. तो एरवी उलट उत्तर देणारा माणूस. उठला आणि घरी गेला.

नेरीनाला हे सांगताना ती खूप हसली. लिव्हिओ म्हणे रेडिओलासुद्धा असाच हुकूम सोडतो.

२३ नोव्हेंबर

सापडलं! रोमानोचं दाताळं सापडलं.

आज पाणी तेलासारखं होतं. लिव्हिओने होडी भूशिरापाशी नेली. चर्चचा मनोरा आणि पांढऱ्या घराचं धुराडं एका रेषेत आलं की ती जागा. त्याने लोखंडी आकडा टाकला. म्हणाला, नोना, दिवसभर गळ टाकत बसावं लागेल, जेवण काढ. मी पाव काढेपर्यंत आकडा लागलासुद्धा. पहिल्याच फेकीत. आणि वर किती सोपं आलं, रहाट कुरकुरला नाही. कुणी खालून उचलून दिल्यासारखं.

लिव्हिओने मला खोक्यासकट उचललं. झोळीत शिंपले होते, थाळीएवढे.

एक गोष्ट लिहून ठेव. मी बकऱ्यांची बाई, पण पाण्यात लोखंडाचं काय होतं ते इतक्या दिवसांत बघितलंय. गंज, शेवाळ, कालवं. हे हिवाळ्यापासून खाली पडलेलं. याच्यावर काही नव्हतं. दात चकचकीत आणि झिजलेले. रोज शेतात जाणाऱ्या नांगराचा फाळ चमकतो, तसे. लिव्हिओ म्हणाला, वाळू घासते, नोना. घासत असेल.

आणि झानेतोने तोडलेल्या तारेचं टोक अजून त्याला होतं. तोडलेली तार कुंच्यासारखी पिंजारते, हाताला टोचते. ही टोचली नाही. मऊ झाली होती. शाराची दोरी मी जिथे धरायची तिथे झालीय ना, तशी.

संध्याकाळी मी ते मोठे शिंपले त्यांच्याच कवचीत भाजले, तेल, लसूण, पावाचा चुरा घालून. मी खात नाही, समुद्रातलं काही माझ्या घशाखाली उतरत नाही. लिव्हिओही खात नाही, दिवसभर ज्यांचं तोंड बघतो ते ताटात नको म्हणतो. नेरीनाने सगळे एकटीने संपवले. बाळ मागतंय म्हणाली. मी आल्यापासून पहिल्यांदा गालावर रंग दिसला. मागायला नको, बेटा, हवे तेवढे खा.

२ डिसेंबर

आठवडाभर खोक्यांवर खोकी. धक्क्यावरचे लोक आमच्याकडे बघतात आणि मग दुसरीकडे बघतात. व्यापाऱ्याच्या गाडीत जागा उरत नाही. रोज पाच-सहा सगळ्यात मोठे घरी येतात, नेरीनासाठी.

माझं काम मात्र गेलं. निवडायला काही राहिलेलं नाही. झोळीत दगड येत नाहीत. तारामासे येत नाहीत. लहान शिंपला एकही येत नाही, कडी नुसती गळ्यात लोंबते. आधी मी म्हटलं, वा, खाली कुणीतरी माझ्यापेक्षा बरी निवडणारी ठेवलेली दिसते. लिव्हिओ हसला.

आज झोळी उघडायच्या आधी मी वाकून आत बघितलं. शिंपले रचलेले होते. थरावर थर. सगळे खोलगट बाजू खाली करून. आपण खोक्यात ठेवतो तसे.

मी लिव्हिओला बोलावलं. तोवर त्याने पोट सोडलं होतं, सगळे फळीवर सांडले. म्हणाला, काय नोना? म्हटलं, काही नाही.

मग दाताळं परत खाली गेल्यावर तारेवर हात ठेवला. वाळूची गुरगुर नव्हती. दगडांची टकटक नव्हती. हलकं, सैल, एका लयीत. मला ती लय माहीत आहे. माझ्या मागून आपणहून चालत येणारी बकरी. ओझं नाही ते. चालतंय.

नेरीना, हसणं थांबव आणि लिही.

६ डिसेंबर, संत निकोलाचा दिवस

सांगावं की नाही, असा विचार करत संध्याकाळ काढली. पण माझ्याच अटीने मी बांधली गेलेय.

आज तळवा तारेवर होता. चर्चची दुपारची घंटा पाण्यावरून ऐकू येत होती. दोन हिसके आले. छोटे. दगडाचा ठोका असा नसतो, दगड आला की तार थरथरते. हे हिसके तारेच्या आतून आले, एक, आणि लगेच दुसरा. मग परत चाल सुरू.

लिव्हिओ शीळ घालत होता.

घरी आले तर लोरेता आणि नेरीना दोघी हसतायत. आज बाळाने पाय मारला, आतापर्यंतचा सगळ्यात जोरात. पोटावरची वही उडाली म्हणे. मी विचारलं, कितीदा? दोनदा. कधी? लोरेता म्हणाली, घंटा वाजत होती, मी सूप ढवळत होते.

बाळ हलतंय, हे चांगलंच आहे. पहिलं हलायचं थांबलं होतं. चांगलंच आहे.

नेरीना म्हणते, नोना, तुम्ही घाबरवता मला. मग म्हणते, उद्या पण आणाल ना शिंपले?

९ डिसेंबर

आज तार मागे नव्हती.

होडी पुढे जाते, दाताळं मागे राहतं, तार मागे तिरपी जाते. रोज बघते मी. आज ती सरळ खाली गेली, मग होडीच्या पोटाखाली, मग पुढे. लिव्हिओने इंजिन बंद केलं. होडी थांबली नाही.

भूशिराच्या दिशेने. हळू. मग तार सैल पडली.

लिव्हिओ पांढरा पडला होता, तरी मला म्हणाला, नोना, घाबरू नकोस, तात असणार. त्याचं दाताळं आहे. तोच मदत करतोय.

मी त्याच्या कानाखाली मारली असती. रोमानो छातीच्या दुखण्याने गेला, पलंगावर. मी त्याला अंघोळ घातली, मी त्याला मोजे घातले, तो आमच्या डोंगरावर चर्चच्या मागे आहे. मला माझ्या मुलाचा हात माहीत आहे. हे माझं कुणी नाही.

मी म्हटलं, उद्याच्या उद्या लोखंड परत दे. पाव टाक, म्हण ते शब्द. तो म्हणाला, बाळ येईपर्यंत तरी, नोना. असा हंगाम परत येणार नाही.

आज पुन्हा घंटेच्या वेळी. दोनदा. नेरीनालाही.

१३ डिसेंबर, संत लुसीचा दिवस

होडीवर गेले नाही. झानेतोच्या घरी गेले. सगळं सांगितलं, झोळीतले थर, तार पुढे, हिसके. त्याने शेवटी एकच विचारलं. त्या लोखंडाचे शिंपले तुमच्या घरात कोणी खाल्ले का? मी म्हटलं, व्यापाऱ्याने शंभर लोकांना विकले असतील. तो म्हणाला, पैसे मोजून घेतात त्यांचा संबंध नाही, तो व्यवहार झाला. आयते दिलेले कोणी खाल्ले?

मी सांगितलं कोणी.

त्याने दार उघडून दिलं. म्हणाला, लोखंड परत देता येईल. ते देऊन टाका, लवकर.

मी विचारलं, आणि बाकीचं? त्याने दार लावून घेतलं.

परत येताना मला शारा आठवली. शाराला खाटकाकडे मीच नेलं होतं, म्हातारी झाली होती, दूध नव्हतं. त्या दिवशी तिला दुप्पट मीठ दिलं. तोच तळवा, तेच दोन हिसके. नाचत आली.

मी आजवर हेच धरून चालले, की दोरी माझ्या हातात आहे. तार होडीला बांधलेली आहे. पण ते शिंपले — ते मीठ —

नेरीना लिहितेय. पूर्वी हसायची. आता हसत नाही. घाबरतही नाही. नेरीना, काहीतरी म्हण ना.

म्हणते, भूक लागलीय.

१५ डिसेंबर

शिंपले घरी आणायचे बंद केले. मनेस्त्राचं सूप केलं, बीन्स आणि हाडूक घालून. तिने चमचा फिरवला, ठेवला.

उशी झटकायला गेले. उशीखाली तीन कवच्या. कच्चे खाल्लेले, चाटून पुसून स्वच्छ. लिव्हिओने दिले नाहीत. लोरेताने दिले नाहीत. दाराशी, उंबऱ्यावर पाणी होतं.

विचारलं, कुठून आले? ती म्हणाली, होते.

रचलेल्या होत्या. खोलगट बाजू खाली.

१७ डिसेंबर

बुरा सुटलाय, इथला हिवाळ्यातला वेडा वारा. कुणीही बाहेर गेलं नाही. होडी धक्क्याला बांधलेली. दाताळं होडीवर, झाकून, मी स्वतः बघितलं. तार गुंडाळलेली.

दुपारी चुलीत लाकूड घालत होते. घंटा. वळून बघितलं तर पलंग रिकामा.

दाराशी उभी. अनवाणी. कडीवर हात. बाहेर एवढा वारा, आणि तिचे केस हलत नव्हते — दार बंद होतं म्हणून असेल — पण पोट पुढे होतं. पोट आधी, मग ती. जशी बकरी मान पुढे काढून —

धरून आणली. पाय बर्फ. म्हणाली, नोना, मी फक्त बघत होते.

होडीकडे बघितलं. तार रहाटावरून सुटून पाण्यात गेलेली. ताठ. धक्क्यापासून सरळ बाहेर, भूशिराकडे. तिच्या टोकाला काहीच बांधलेलं नव्हतं.

१८ डिसेंबर

लिव्हिओने आज तार बघितली. मी हात धरून नेलं आणि त्याचा तळवा तारेवर ठेवला. तो तिथेच धक्क्यावर खाली बसला. रडला, लहानपणी गुडघा फुटला की रडायचा तसा. म्हणाला, नोना, मी तेव्हा नुसतं म्हटलं होतं गं. नुसतं तोंडातून गेलं.

वारा पडला की जायचं. लोखंड द्यायचं.

डॉक्टरला फोन केला. रस्त्यावर झाडं पडलीत, सोमवारी येईल.

रात्रभर लिव्हिओ दाराला पाठ लावून बसणार आहे. नेरीना शांत. बाळ शांत. घंटेपर्यंत शांत असतं.

२० डिसेंबर

वारा पडला. ऊन आहे. पाणी तेलासारखं.

लिव्हिओ निघाला. झानेतो आपणहून होडीवर चढला, पाव त्यानेच आणला. मी घरी. बरं झालं.

दार आतून लावलंय. शाराची दोरी काढली. एक टोक नेरीनाच्या घोट्याला, दुसरं माझ्या मनगटाला, दोन वेढे. तिने वही मांडीवर घेतली.

लिहीत राहा, बेटा. लिहितेस तोवर पलंगावर आहेस. मी काहीबाही बोलते, तू लिही. अट आहे ना आपली. सगळं लिहायचं.

माझ्या बकऱ्या. शारा. मोरा, ती काळी. चिंगी, ती सगळ्यांच्या भाज्या खायची. तुझी पोलेंता वाईट. लिहिलंस? हसली नाहीस. बरं.

होडी भूशिरापाशी पोचली. मनोरा आणि धुराडं — इथून दिसत नाही, पण थांबली म्हणजे तीच जागा. लिव्हिओ उभा राहिला. दाताळं होडीच्या काठावर. पाव टाकला. तोंडाशी हात धरून ओरडतोय. म्हणाला. म्हणाला ते. गेलं, नेरीना, लोखंड गेलं! पाठ फिरवली दोघांनी. आता इकडे बघून हात करतोय. दोन्ही हात. सुटला गं. माझा पोरगा सुटला.

नेरीना, बघ ना खिडकीतून.

नको. बघू नकोस. लिही.

घंटा.

दोरी —

दोन. दोन आले. माझ्या मनगटात. ही तार नाही, ही माझी दोरी आहे. तुझा पाय हलला नाही. मी बघतेय, पाय नाही हलला. पोट —

पेन सोडू नकोस. नेरीना. माझ्याकडे बघ. बाळाचं नाव काय ठरवलंय? लिही. तुझं नाव लिही. लिव्हिओ येतोय, होडी वळली, येतोच आहे. नेरीना, खाली बस. पाय वर घे. डॉक्टरने काय —

ओढतेय. मी दोन्ही हातांनी — पलंगाच्या पायाला — अगं किती जोर —

लिही, मी इथे आहे. लिही बेटा. मी इथे आहे. मी इथे